सुरुवातीच्या विश्वातल्या क्वेसारभोवती दीर्घिका कशा मोजायच्या: साताऱ्यात बसून करायचा एमएस्सी प्रोजेक्ट

थिन फिल्म, नॅनोकण, गॅस सेन्सर. साताऱ्या-कराडकडे एमएस्सी फिजिक्सच्या प्रोजेक्टची यादी लागली की निम्मे विषय या तिघांतच संपतात. त्यात वाईट काही नाही, आपल्याकडच्या प्रयोगशाळा त्याच कामाच्या आहेत. तरी दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "ॲस्ट्रोमध्ये काही करता येईल का? आपल्याकडे दुर्बीण तर नाही." दुर्बीण लागत नाही. जेम्स वेब आणि हबल या अवकाश दुर्बिणी, चिलीतला अल्मा हा रेडिओ दुर्बिणींचा समूह, यांचा बराचसा डेटा ठरावीक मुदतीनंतर सगळ्या जगाला मोकळा होतो आणि तो साताऱ्यातल्या पोवई नाक्याजवळच्या भाड्याच्या खोलीतूनही उतरवता येतो. मी हा प्रोजेक्ट इथेच राहून केला, पुढे काही मुलांकडून करवूनही घेतला. मुलं कुठे अडकतात ते आता बऱ्यापैकी माहीत झालंय, म्हणून हे लिहून ठेवतोय.

विषय असा: विश्वाचं वय १०० कोटी वर्षंसुद्धा नव्हतं तेव्हाच्या झगझगीत क्वेसारांभोवती दीर्घिकांची गर्दी होती का?

क्वेसार म्हणजे दीर्घिकेच्या मध्यावर बसून वायू गिळणारं महाकाय कृष्णविवर. आत पडणारा वायू इतका तापतो की त्याच्या उजेडापुढे सगळी दीर्घिका फिकी पडते. गर्दीचा प्रश्न का निघतो, ते एका हिशोबात कळतं. एडिंग्टन मर्यादेत (खाताना निघणारा उजेडच आत येणारा वायू ढकलू लागतो, ती खाण्याची कमाल गती) राहून खात गेलं तर कृष्णविवराचं वस्तुमान साधारण ५ कोटी वर्षांत २.७ पट होतं. १०० सूर्यांपासून १०० कोटी सूर्यांपर्यंत पोचायला असे १६ टप्पे लागतात, म्हणजे ८० कोटी वर्षं न थांबता खाणं. आणि रेडशिफ्ट ६.३ ला (रेडशिफ्ट म्हणजे विश्व पसरल्यानं उजेडाची तरंगलांबी किती ताणली गेली त्याचं माप; आकडा जितका मोठा तितका काळ जुना) विश्वाचं वय होतं जेमतेम ८७ कोटी वर्षं. इतका खुराक जिथे मिळाला ती जागा विश्वातली सर्वांत दाट असणार, तिथे पुढे दीर्घिकांचा मोठा गुच्छ तयार होणार आणि म्हणून त्या काळातही भोवती गर्दी दिसणार, असा सरळ अंदाज होता. २००५ च्या मिलेनियम सिम्युलेशननंही (संगणकात उभ्या केलेल्या विश्वानं) तेच सुचवलं होतं. प्रत्यक्ष निरीक्षणं मात्र एका सुरात बोलत नाहीत. तुमचा प्रोजेक्ट उभा राहतो तो इथेच.

सुरुवातीला काय जवळ हवं

- लॅपटॉप: १६ जीबी रॅम असेल तर उत्तम. ८ जीबीवरही चालतं, पण मोठी चित्रं उघडताना रडतो.
- बाहेरची हार्ड डिस्क आणि रात्री बऱ्यापैकी चालणारं इंटरनेट.
- सॉफ्टवेअर, सगळं फुकट: पायथन आणि त्यातलं ॲस्ट्रोपाय, तक्त्यांसाठी टॉपकॅट, चित्रं बघायला डीएस९, आकाशाचा नकाशा बघायला अलादीन.
- डेटाची ठिकाणं: हबल आणि वेबसाठी मास्ट, प्रसिद्ध झालेल्या याद्यांसाठी व्हिझिअर, एखाद्या वस्तूची सगळी माहिती एका जागी हवी असेल तर नेड.
- शोधनिबंध: अरकाइव्हवर बहुतेक सगळे फुकट मिळतात. कॉलेजच्या लायब्ररीत जर्नल येत नाही, ही सबब इथे चालत नाही.
- गाईडची लेखी संमती, विषयाच्या एका पानाच्या टिपणासह. गाईड थिन फिल्मवाले असले तरी बिघडत नाही, सांख्यिकी त्यांनाही येते.

१. प्रश्न एका ओळीत बसवा

"क्वेसारांच्या परिसराचा अभ्यास" हे शीर्षक घेऊन गेलात तर सेमिस्टर संपेल आणि अभ्यास सुरूच राहील. प्रश्न असा हवा: अमुक क्वेसारच्या रेडशिफ्टला, अमुक त्रिज्येच्या आत, अमुक तेजाच्या वरच्या दीर्घिका अपेक्षेपेक्षा जास्त आहेत का? तीनही "अमुक" भरल्याशिवाय पुढे जाऊ नका. एकच क्वेसार घ्या. फार तर दोन.

२. क्षेत्र निवडा

ज्या क्वेसारभोवती आधी काम झालंय तोच घ्या. नवं काही शोधायचा मोह होतो, पण आपला आकडा ताडून बघायला दुसऱ्या कुणाचा तरी आकडा लागतो. ही क्षेत्रं चांगली आहेत:

*एसडीएसएस जे१०३०+०५२४, रेडशिफ्ट ६.३१.* शिकायला सर्वांत गुणी क्षेत्र, कारण त्याची गोष्ट टप्प्याटप्प्यानं उलगडलीय. आधी हबलच्या छोट्या चौकटीत गर्दीचा संशय आला. मग ॲरिझोनातल्या लार्ज बायनॉक्युलर टेलिस्कोपनं कितीतरी रुंद चित्र घेतलं, त्यातही गर्दी टिकली. शेवटी २०२० साली चिलीतल्या व्हीएलटी या मोठ्या दुर्बिणीच्या वर्णपटांनी क्वेसारभोवती सहा दीर्घिका पक्क्या केल्या. संशय ते पुरावा हा प्रवास दीड दशकाचा आहे, हे रिपोर्टच्या प्रस्तावनेत जरूर लिहा.

*एसडीएसएस जे०१००+२८०२, रेडशिफ्ट ६.३३.* कृष्णविवर सुमारे १ हजार कोटी सूर्यांचं. वेबच्या आयगर या सर्वेक्षणाचं हे पहिलं क्षेत्र. इथे रेडशिफ्ट ५.३ ते ६.९ या पट्ट्यात ऑक्सिजनच्या रेषा (वर्णपटातल्या ठरावीक तरंगलांबीच्या झगझगीत रेघा) सोडणाऱ्या ११७ दीर्घिका सापडल्या. लक्षात घ्या, त्या सगळ्या क्वेसारच्या शेजारी नाहीत. बहुतेक त्याच्या पुढे किंवा मागे आहेत. नवखा माणूस इथे हमखास फसतो.

*जे०३०५-३१५०, रेडशिफ्ट ६.६.* ॲस्पायर या दुसऱ्या वेब सर्वेक्षणातलं. २०२३ मध्ये इथे १० दीर्घिकांचा ३० लाख प्रकाशवर्षं लांबीचा तंतू जाहीर झाला, क्वेसार त्यातच ओवलेला.

आणि उलट बाजूही वाचा. २००९ साली हबलच्या चित्रांवरून रेडशिफ्ट ६ च्या आसपासच्या पाच क्वेसारांची क्षेत्रं तपासली गेली: दोन गर्दीची निघाली, दोन सरासरीपेक्षा विरळ आणि एक मधलंच. २०१३ मध्ये रेडशिफ्ट ५.७ च्या एका क्वेसारभोवती काहीच जादा सापडलं नाही. विरळ निघालेलं क्षेत्र घेतलंत तर व्हायव्हाला कमी पडाल असं अजिबात नाही. माझ्या मते तोच प्रोजेक्ट जास्त डोकं खातो, म्हणून जास्त शिकवतो.

३. क्वेसारचा स्वतःचा रेडशिफ्ट तपासा

ही पायरी मुलं गाळतात. तक्त्यात रेडशिफ्टचा आकडा असतोच, मग तपासायचं काय? तो कोणत्या रेषेवरून काढलाय ते. हायड्रोजनच्या लायमन अल्फा या अतिनील रेषेची निळी बाजू वाटेतल्या हायड्रोजननं खाल्लेली असते, त्यामुळे तिच्यावरून नेमका आकडा निघत नाही. कार्बनची सी-चार रेषा क्वेसारमधून बाहेर फेकल्या जाणाऱ्या वायूतून येते आणि हजार किंवा त्याहून जास्त किलोमीटर प्रति सेकंद निळ्या बाजूकडे सरकलेली असू शकते. रेडशिफ्ट ६.३ ला १००० किलोमीटर प्रति सेकंदाची चूक म्हणजे रेडशिफ्टमध्ये ०.०२४, आणि अंतरात जवळजवळ १० सहगामी मेगापार्सेक (मेगापार्सेक म्हणजे सुमारे ३३ लाख प्रकाशवर्षं; सहगामी म्हणजे नंतरचं प्रसरण धरून, आजच्या मापानं), म्हणजे ३ कोटी प्रकाशवर्षांहून जास्त. शेजार शोधायला निघालात आणि पत्ताच पुढच्या गावचा, असं होतं.

मग भरवसा कशावर ठेवायचा? यजमान दीर्घिकेतल्या थंड वायूची आयनित कार्बनची १५८ मायक्रॉनची रेषा अल्मानं मोजलेली असेल तर तोच आकडा घ्या. ती नसेल तर मॅग्नेशियमची रेषा, पण काही शे किलोमीटर प्रति सेकंदाची अनिश्चितता धरून.

४. डेटा उतरवा, पण कच्चा नको

वेबच्या कच्च्या चित्रांचा पसारा शेकडो जीबींत जातो आणि ती शिजवायला वेगळं कौशल्य लागतं. ते शिकायला जाल तर प्रोजेक्ट तिथेच अडकेल. आधी शोधनिबंधाला जोडलेली दीर्घिकांची यादी व्हिझिअरवर किंवा लेखकांच्या संकेतस्थळावर मिळते का बघा. ती काही किलोबाइटांची असते. दुसरा पर्याय म्हणजे कोपनहेगनच्या डॉन केंद्रानं प्रक्रिया करून ठेवलेली वेबची चित्रं आणि वर्णपट. मास्टवर शोधायचं असेल तर प्रोग्रामचे क्रमांक लक्षात ठेवा: आयगर १२४३, ॲस्पायर २०७८.

मोठी फाइल रात्री लावा आणि मध्येच तुटली तर तिथूनच पुढे उतरवणारं साधन वापरा. पावसाळ्यात साताऱ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही, एवढंच सांगतो.

५. दीर्घिका ओळखा, तोतये वगळा

रस्ते दोन आहेत.

पहिला रंगाचा. रेडशिफ्ट ६.३ च्या दीर्घिकेची लायमन अल्फा रेषा १२१६ अँगस्ट्रॉमवरून सरकून ८८७५ अँगस्ट्रॉमच्या आसपास येते. त्याच्या निळ्या बाजूचा उजेड वाटेतल्या हायड्रोजननं गिळलेला असतो. म्हणून ती दीर्घिका आय फिल्टरमध्ये जवळजवळ दिसत नाही आणि त्याहून लाल उजेडाच्या झेड फिल्टरमध्ये दिसते. सोपी युक्ती, म्हणूनच तोतयांची सोय. आपल्याच आकाशगंगेतले एल आणि टी वर्गाचे तपकिरी खुजे तारे असेच लाल दिसतात. रेडशिफ्ट १.२ च्या जुन्या दीर्घिकेचा ४००० अँगस्ट्रॉमचा कडा सरकून नेमका ८८०० वर येतो, तीही तशीच दिसते. ताऱ्याचा ठिपका पसरलेला नसतो, त्यावरून काही पकडता येतात. बाकीच्यांसाठी अवरक्त रंग लागतात.

पण या रस्त्याचं खरं दुखणं वेगळंच आहे. रंगावरून काढलेल्या रेडशिफ्टमध्ये ०.१ ची चूक म्हणजे चांगलं काम समजतात. रेडशिफ्ट ६.३ ला ०.१ म्हणजे ४० सहगामी मेगापार्सेक, १३ कोटी प्रकाशवर्षं. इतक्या खोलीतल्या सगळ्या दीर्घिका एकाच चित्रात चपट्या होऊन पडतात आणि क्वेसारला चिकटलेल्या वाटतात.

दुसरा रस्ता वर्णपटाचा, आणि तुम्हाला शक्य असेल तर हाच धरा. वेबच्या नियरकॅम कॅमेऱ्यात ग्रिझम आहे: चौकटीतल्या प्रत्येक वस्तूचा वर्णपट तो एकदम पसरवून टाकतो. आयगर आणि ॲस्पायर दोन्ही एफ३५६डब्ल्यू फिल्टरमधून, साधारण ३.१ ते ४ मायक्रॉनमध्ये, हेच करतात. रेडशिफ्ट ६.३३ ला ऑक्सिजनची ५००७ अँगस्ट्रॉमची रेषा ३.६७ मायक्रॉनवर, तिची जोडीदार ४९५९ ची रेषा ३.६३५ वर आणि हायड्रोजनची एच बीटा ३.५६ वर पडते.

इथला नियम कडक ठेवा: एकाच रेषेवर दीर्घिका मान्य करायची नाही. ३.६७ मायक्रॉनवर एकटीच रेषा दिसली तर ती रेडशिफ्ट ४.५९ ची एच अल्फा असू शकते, रेडशिफ्ट २.३९ ची हीलियमची रेषा असू शकते, नाहीतर ०.९६ ची पाशेन अल्फासुद्धा. ऑक्सिजनची जोडी दिसायला हवी आणि त्या दोघींच्या तेजाचं प्रमाण जवळपास ३ ला १ हवं. हे प्रमाण अणुभौतिकीनं ठरवलेलं आहे, कोणत्याही दीर्घिकेत बदलत नाही. म्हणून ते फुकटचं प्रमाणपत्र आहे. शेजारच्या दुसऱ्या वस्तूचा वर्णपट वर येऊन बसलाय का, तेही डोळ्यांनी बघा. यादीतली प्रत्येक दीर्घिका डीएस९ मध्ये उघडून स्वतः बघितल्याशिवाय मोजू नका. कंटाळवाणं काम आहे, पण प्रोजेक्टचा जीव त्यातच आहे.

६. चौकट आखा

रुंदी आकाशात, खोली रेडशिफ्टमध्ये. खोलीसाठी क्वेसारच्या रेडशिफ्टच्या दोन्ही बाजूंना १००० किलोमीटर प्रति सेकंद ही रूढ मर्यादा आहे. रुंदीसाठी हे आकडे वहीत लिहून ठेवा: रेडशिफ्ट ६.३ ला १ आर्कमिनिट म्हणजे तेव्हाच्या मापानं सुमारे ३४० किलोपार्सेक, म्हणजे ११ लाख प्रकाशवर्षं, आणि सहगामी मापानं सुमारे २.५ मेगापार्सेक.

या दोन मापांत ७.३ पटींचा फरक आहे आणि गोंधळ सगळा इथेच होतो. बातमीत एक माप असतं, शोधनिबंधाच्या आकृतीत दुसरं. प्रत्येक आकड्यापुढे कोणतं माप ते लिहा, स्वतःच्या वहीतसुद्धा. जे०३०५ चा ३० लाख प्रकाशवर्षांचा तंतू तेव्हाच्या मापातला आहे. आकाशात तो अडीच-तीन आर्कमिनिटांत बसतो.

चौकट कोणती मिळाली याचाही निकालावर परिणाम होतो. हबलचा एसीएस कॅमेरा साधारण ३.४ आर्कमिनिटांचा चौरस बघतो. पुढे मोठ्या गुच्छात गोळा होणारं साहित्य त्या काळी वीस-पंचवीस सहगामी मेगापार्सेकमध्ये विखुरलेलं असतं, म्हणजे जवळपास १० आर्कमिनिटांत. छोट्या चौकटीत गर्दी दिसली नाही याचा अर्थ ती नव्हती असा होत नाही.

७. तुलनेचा आकडा काढा

सगळ्या प्रोजेक्टमधली ही सर्वांत महत्त्वाची पायरी, आणि रिपोर्टमध्ये नेमकी हीच अर्ध्या पानात उरकलेली असते. पुसेगावात यात्रेला गर्दी किती झाली हे सांगायचं तर एरवीच्या दिवशी पुसेगावच्या रस्त्यावर माणसं किती असतात ते ठाऊक हवं. क्वेसारच्या चौकटीत ८ दीर्घिका मिळाल्या. बरं, मग? क्वेसार नसलेल्या तेवढ्याच जागेत किती मिळतात?

हा आकडा मिळवायचा सोपा मार्ग म्हणजे तेच क्षेत्र, पण वेगळी खोली. जे०१०० च्या ११७ दीर्घिकांपैकी क्वेसारपासून दूरच्या रेडशिफ्टवर असलेल्या घ्या आणि तेवढ्याच जाडीच्या कापात सरासरी किती येतात ते काढा. त्याच दुर्बिणीनं, तितक्याच वेळात टिपलेला डेटा असल्यानं तुलना न्याय्य होते. फक्त ग्रिझममुळे वेगवेगळ्या तरंगलांबीला चौकटीचा वापरता येणारा भाग बदलतो, त्याची दुरुस्ती करा. दुसरा मार्ग: दीर्घिकांच्या तेजवाटपाच्या प्रसिद्ध सूत्रावरून अपेक्षित आकडा काढणे. दोन्ही करून बघा. फार जुळत नसतील तर आधी स्वतःची यादी तपासा.

मग सांख्यिकी. समजा अपेक्षा ३ ची होती आणि मिळाल्या ८. पॉयसनच्या सूत्रानं ३ च्या जागी ८ किंवा जास्त योगायोगानं मिळण्याची शक्यता १.२ टक्के. मुलं इथे खूश होऊन थांबतात. पण विश्व सगळीकडे सारखं पसरलेलं नाही. छोट्या चौकटीत अपेक्षित आकडाच जागेगणिक वरखाली होतो. तुमची चौकट मुळातच जरा दाट भागात पडली असेल आणि अपेक्षा ३ ऐवजी ४.५ असेल, तर तीच शक्यता ८.७ टक्क्यांवर जाते. शंभरातली एक गोष्ट शंभरातल्या नऊवर आली! म्हणून नुसतं पॉयसन देऊ नका, क्षेत्राक्षेत्रांतला फरकही मांडा.

८. निकालाचा अर्थ लावताना

गर्दी सापडली तर "क्वेसार गुच्छाच्या मध्यावर असतात" असं लगेच लिहू नका. एका क्षेत्रावरून नियम होत नाही. आयगरच्या चार क्षेत्रांचा एकत्र हिशोब २०२४ मध्ये आला: क्षेत्राक्षेत्रांत मोठा फरक, आणि सरासरीनं क्वेसारच्या भोवतालच्या कृष्णद्रव्याच्या प्रभामंडळाचं (दीर्घिकेला वेढणाऱ्या, न दिसणाऱ्या द्रव्याच्या गोळ्याचं) वस्तुमान २ ते ३ लाख कोटी सूर्य. मोठं खरं, पण त्या काळातलं सर्वांत मोठं नव्हे. त्यातून आणखी अडचणीची गोष्ट निघते: अशा प्रभामंडळांच्या मानानं क्वेसार फारच कमी दिसतात, म्हणजे एकेक क्वेसार एकूण काळाच्या अगदी थोड्या भागात पेटलेला असावा. मग १६ टप्प्यांचं ते खाणं झालं कधी? धुळीआड लपून, की मर्यादेपेक्षा जास्त वेगानं? यावर अजून भांडण चालू आहे.

गर्दी सापडली नाही तर कारणं एकापेक्षा जास्त असू शकतात. एक, चौकट छोटी. दोन, शेजारी धुळीत लपलेले. २०१७ साली अल्मानं २५ क्वेसार बघितले, त्यांतल्या चारांना अगदी जवळ वायूनं भरलेल्या जोडीदार दीर्घिका मिळाल्या, ज्या साध्या प्रकाशात निसटल्या होत्या. तीन, क्वेसारनं शेजाऱ्यांना वाढूच दिलं नाही: त्याचे अतिनील किरण लहान दीर्घिकांतला वायू तापवतात आणि तारे बनणं थांबतं.

तिसऱ्या शक्यतेसाठी जे२३४८-३०५४ हा रेडशिफ्ट ६.९ चा क्वेसार अवश्य वाचा. चिलीतल्या ४ मीटर ब्लँको दुर्बिणीवरच्या डीईकॅम कॅमेऱ्याची चौकट ३ चौरस अंशांची. त्यातून लायमन अल्फा सोडणाऱ्या ३८ संभाव्य शेजारी दीर्घिका मिळाल्या, म्हणजे गर्दी आहेच. पण क्वेसारपासून सुमारे ५ सहगामी मेगापार्सेकच्या आत एकही नाही. छोट्या चौकटीचा कॅमेरा लावला असता तर "इथे शेजारीच नाहीत" असा निष्कर्ष निघाला असता. मात्र या दीर्घिका संभाव्य आहेत, फिल्टरवरून निवडलेल्या, हे लिहायला विसरू नका. आणि तुमची यादी ऑक्सिजनच्या रेषेवरची असेल, तर ती लायमन अल्फावाल्या यादीशी थेट ताडू नका. दोन्ही गाळण्या वेगळ्या माशांच्या आहेत.

९. रिपोर्ट आणि व्हायव्हा

बाहेरून येणारे परीक्षक बहुतेक मटेरियल सायन्सवाले असतात. पहिला प्रश्न ठरलेला: "तुम्ही स्वतः काय केलं?" यादी दुसऱ्यांची असली तरी गाळणी, डोळ्यांनी केलेली तपासणी, तुलनेचा आकडा आणि सांख्यिकी तुमची आहे, हे पहिल्याच पानावर लिहा. वगळलेल्या दीर्घिकांचा तक्ता, कारणासह, परिशिष्टात द्या. दुसरा प्रश्न बहुधा: "क्वेसार पाहिलाय का कधी?" रेडशिफ्ट ६ चा दिसणार नाही, पण ३सी २७३ दिसतो. मार्टेन श्मिट यांनी १९६३ मध्ये ज्याचा वर्णपट उलगडला तोच. कन्या राशीत, तेजाची प्रत जवळपास १२.९. मार्च ते मे मध्ये माण-खटावकडच्या अंधाऱ्या माळावरून ८ इंची दुर्बिणीतून साध्या ताऱ्यासारखा ठिपका सापडतो. आधी नकाशा छापून न्या, नाहीतर शेजारचाच तारा बघून परत याल.

अडलात तर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या संशोधकांना ईमेल करा. नेमका प्रश्न, केलेलं काम आणि एखादी आकृती एवढंच पाठवा. "मला क्वेसारबद्दल माहिती हवी आहे" अशा ईमेलला उत्तर येत नाही, आणि येऊ नये. सुट्टीतल्या विद्यार्थी कार्यक्रमाच्या जाहिरातीवरही लक्ष ठेवा. भेटीची वेळ मिळाली तर स्वारगेटची सकाळची पहिली विनाथांबा गाडी धरा. तिथून गणेशखिंडीपर्यंतचा वेळ वेगळा धरा, पुण्यातली ती वाट साताऱ्याहून पुण्याला येण्यापेक्षा जास्त दमवते.